पाणी कोमट आहे

सोमवार, ९ सप्टेंबर
साखर: १८२. काय खाल्लं: विचारू नये. पाय पाहिले का: हो. दोन आहेत.

ही वही दवाखान्याने दिली. पानापानावर रकाने छापलेत आणि ते रोज भरायचे असा नर्स डोनाचा हुकूम आहे. एकतीस वर्षं मी पशुखाद्याच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त केली, तिथले रकानेसुद्धा मी कधी भरले नाहीत, मुकादम भरायचा. जूनमध्ये निवृत्त झालो तेव्हापासून घरात माझं बूड टिकत नाही. तेव्हा वही आलीच आहे तर साखरेऐवजी हिच्यात लिहिण्यासारखं काहीतरी लिहीन म्हणतो. म्हणजे नदी.

आज डोनाने माझ्या पायांची परीक्षा घेतली. "डोळे मीट ड्वाइट, आणि दोरा तळव्याला टेकला की 'हो' म्हण." दोरा कसला, तर नायलॉनचा, आम्ही गळाला लावतो तसलाच! मला हसूच आलं. जन्मभर मी असला दोरा कुठे थरथरतो तेच बघत आलोय, आणि ही मला त्याच दोऱ्याने पकडणार. मी पापण्यांची बारीक फट ठेवली. दोरा टेकवायच्या आधी तिचा खांदा जरासा पुढे झुकतो. खांदा झुकला की मी "हो" म्हणायचो. दहापैकी नऊ बरोबर. एक मुद्दाम चुकवला, उगाच संशय नको.

"छान," ती म्हणाली आणि कागदावर खूण केली.

आता ही लबाडी का केली? पायांत दोष आहे असं त्या कागदावर आलं असतं तर आर्लीनने माझे नदीचे बूट तळघरात कुलूप लावून ठेवले असते. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं तरी ओळखतो मी. आणि दोष-बिष काही नाही. दोरा फारच बारीक होता.

बुधवार, ११ सप्टेंबर
पाणी: कोमट. पाय: तेच दोन.

आज मर्लबरोबर पुलाखालच्या धारेत उतरलो. मर्ल हा आर्लीनचा धाकटा भाऊ. दुधाचा टँकर चालवतो, एक वाजता मोकळा होतो, दीडला नदीवर असतो. आमची जुनियाटा नदी यंदा इतकी खाली गेलीय की कातळाच्या बरगड्या मोजता येतात. बास मासा अशाच वेळी सापडतो. मोठा डोह सोडून तो धारेतल्या खडकांमागे येऊन बसतो आणि थंडीआधी पोट भरून घ्यायला लागतो.

आमची शर्यत सुरू झाली. लेबर डेपासून, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपासून, दोघांनीही अर्ध्या चड्डीत, फक्त मोजे-बूट घालून पाण्यात उतरायचं. पाणी दिवसेंदिवस गार होत जातं. छातीपर्यंतची रबरी विजार जो आधी चढवील तो हरला. हरणाऱ्याने नोव्हेंबरात अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या जेवणाला ती टोपी घालायची. टोपी जांभळी, वर संत्र्याएवढा गोंडा. माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या वर्षी माझ्यासाठी विणलेली. थट्टेने नव्हे, मनापासून विणलेली, हेच तर दुखणं आहे. सलग नऊ वर्षं मीच ती घालतोय. मर्लची कातडी कासवाची आहे. पण यंदा माझा रंग वेगळा आहे. आज तासभर उभा होतो, पाणी कोमट लागलं.

तीनदा घसरलो मात्र.

"काय रे, मासे धरतोयस की नाचतोयस?" मर्ल पलीकडून ओरडला.

"बुटांचे तळ झिजलेत."

"मागच्याच वर्षी घेतलेस की!"

"मग हल्ली तसलेच बनवतात."

हा मर्ल सोळा वर्षांचा होता तेव्हा मीच त्याला पाण्यात उभं राहायला शिकवलं. खाली बघायचं नाही, डोळे दोऱ्यावर ठेवायचे, आणि नदी पायांनी वाचायची. शेवाळलेला गोटा कुठला, सैल खडी कुठली, पायरी कुठे संपते, सगळं आधी तळव्याला कळतं. आज मी तीन-चारदा खाली बघितलं. ऊन पाण्यावर फार चमकत होतं, म्हणून.

शनिवार, १४ सप्टेंबर
साखर: १७०. पाणी: कोमट. पाय: खाली लिहिलंय.

एकोणीस इंच! एकोणीस!

सकाळी धुकं होतं. मधल्या कातळाच्या वरच्या अंगाला गळाला लावलेला रबरी झिंगा टाकला आणि धारेबरोबर गडगडत येऊ दिला. दोरा मध्येच थांबला. अडकला म्हणावं तर तसा नाही, कुणीतरी बोटाने दाबून धरावा तसा. मी गळाची काठी वर घेतली आणि नदी फुटली. तीनदा हवेत उडाला. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे बघून गेला असं वाटलं, ते लाल डोळे. शेवटी खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला. पाठ जुन्या पितळेच्या भांड्यासारखी. मर्लला दाखवला, पाण्यात मागेपुढे हलवून त्याचा दम भरू दिला आणि सोडला. शेपटीचा फटका मारून गेला. निवृत्तीनंतर इतका आनंद मला पहिल्यांदा झाला.

घरी येऊन बूट काढला तर आतून एक खडा पडला. चांगला पावट्याच्या दाण्याएवढा. मोजा तळव्याला चिकटला होता आणि जरा लाल झाला होता.

आर्लीनने खडा उचलून उजेडात धरला. "हा दिवसभर बुटात होता?"

"असेल."

"आणि तुला कळलं नाही?"

"अगं, एकोणीस इंची लागला होता! दगड कुणाच्या लक्षात राहतोय?"

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. खडा धुतला आणि मोरीवरच्या खिडकीत ठेवून दिला. बायका काय काय जपून ठेवतात.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्च झालं. कोंबडी-मक्याचं सूप झालं. टीव्हीवर फुटबॉल लावला आणि पहिल्या पाव तासात उठलो. पुलापर्यंत जाऊन पाण्याची उंची बघून आलो. मग परत गेलो. चौथ्यांदा टोपी घातली तेव्हा आर्लीन म्हणाली, "जा, बघून ये. कुणी पूल उचलून नेला असेल."

ती म्हणते मी घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरतो. खरं आहे ते. पाण्यात उभा असतो तेव्हाच मला कुठे जायचं नसतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर
पाणी: कोमट. (थर्मामीटर बिघडलाय.)

तीन रात्री कडक गेल्या. माझ्या पट्ट्याला पाण्याचा थर्मामीटर लटकवलेला असतो. आमचा हिशेब साधा आहे, फॅरनहाइटमधला: सत्तर म्हणजे पोहायला उतरावं, पासष्ट म्हणजे बोलणं कमी होतं, साठ म्हणजे दात वाजतात, पंचावन्नला मर्लसुद्धा देवाचं नाव घेतो. आज त्यात एकसष्ट दिसलं.

मर्लने पाय टाकला आणि अशी किंकाळी मारली की काठावरचा बगळा उडाला. अर्ध्या तासात त्याच्या पिंढऱ्या वांग्याच्या रंगाच्या झाल्या. मी आरामात उभा. एक शोधही लावलाय: गुडघ्याच्या वर पाणी गार लागतं, गुडघ्याखाली कोमट. म्हणजे कोमट पाणी तळाशी बसत असणार. इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

मर्लला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "ड्वाइट, तुला खरंच गार लागत नाहीये?"

"तू म्हातारा झालास मर्ल. टोपीचं माप घे."

नेहमी तो उलटून काहीतरी बोलतो. आज नुसता माझ्या पायांकडे बघत होता, पाण्यातून दिसतील तेवढ्या.

सोमवार, २३ सप्टेंबर
पाणी: कोमट.

आर्लीनचा मांस शिजलं का बघायचा थर्मामीटर गुपचूप नदीवर नेला. त्यात साठ. दोन्ही थर्मामीटर एकदम बिघडावेत, कमाल आहे.

चार घसरण्या. एकदा गुडघा फुटला. ते मात्र दुखलं, छान दुखलं.

गुरुवार, २६ सप्टेंबर
साखर: २०१. (सफरचंदाचे डंपलिंग, दोन.) पाणी: गढूळ, उतरलो नाही.

दोन दिवस पाऊस. नदी चढलीय, चहासारखी झालीय. दुपारी ओल फार वाटली म्हणून शेगडीत लाकडं पेटवली आणि पाय समोर ताणून खिडकीतून पाऊस बघत बसलो. निदान आज तरी बसलो.

जळका वास आला. म्हटलं आर्लीनचं स्वयंपाकघरात काहीतरी लागलं. तेवढ्यात तीच धावत आली, माझा उजवा पाय धरून खेचला आणि ओल्या फडक्याने थापटायला लागली. मोज्याचा अंगठा काळा पडून धुरत होता.

"तुला काही वाटलं कसं नाही?"

"डुलकी लागली होती."

आर्लीन ही वही वाचत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. डुलकी लागली नव्हती. मी पाऊस बघत होतो.

हे काय झालं ते मला कळत नाही. मोजा जाड होता.

मग ती स्वयंपाकघरात फोनवर मर्लशी हळू आवाजात बोलत बसली. मी आत गेलो तसा फोन ठेवला. पुढच्या महिन्यात वीस तारखेला माझा वाढदिवस आहे, त्याचं काहीतरी शिजत असणार. मला असले बेत आवडत नाहीत, पण केक असेल तर तक्रार करणार नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय.

पाणी उतरलं होतं, स्वच्छही झालं होतं. मर्ल म्हणाला, "आज काठाकाठाने करू." मी म्हटलं, काठाकाठाने कर तू आणि तुझी टोपी. मी मधल्या कातळाकडे निघालो. पाणी मांडीपर्यंत होतं. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसरं पाऊल उचलेचना.

मला वाटलं धारेनेच दाबून धरलंय. जोर लावला, टेकायची काठी रोवली, ती निसटली. पाणी कमरेमागे चढायला लागलं आणि मी पुढे वाकायला लागलो. पाय तिथेच आणि धड खाली चाललेलं. माणसं अशीच बुडतात, मांडीएवढ्या पाण्यात. हे मीच चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

"मर्ल!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो गळाची काठी फेकून आला. आडव्या धारेतून इतक्या झपाट्याने कुणाला येताना मी पाहिलं नाही. मागून माझ्या बगलेत हात घातले, उभा धरला, मग खाली चाचपलं. "तुझा पाय दोन खडकांच्या फटीत आहे. उजवा. मागे घे."

"उजवा नाही, मला धार—"

"उजवा, ड्वाइट! फटीत आहे! मागे घे!"

मी घेतला, त्याने खेचला, आणि सुटलो. मग त्याने माझ्या दंडात दंड अडकवला. दोघं मिळून धार ओलांडताना जड आणि घट्ट पायांचा माणूस वरच्या अंगाला राहतो. पाणी तो फोडतो, खालचा त्याच्या आडोशाने चालतो. आमच्यात वरचा नेहमी मी. आज मर्ल न विचारता वर उभा राहिला आणि मी न भांडता खाली.

काठावर आलो. तिथून गोट्यांवरून साठ-सत्तर पावलं चालत ट्रककडे गेलो. मी बडबडत होतो, टेकायची काठी गेली तरी गळाची काठी वाचवली वगैरे. मर्ल मागे थांबला होता. वळून बघितलं तर तो गोट्यांकडे बघत होता. पांढऱ्या गोट्यांवर एकाआड एक तांबडे ठसे होते.

"ड्वाइट," तो म्हणाला, "तुझा बूट कुठंय?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात बूट होता. उजव्यात नव्हता. मोजाही अर्धा गेलेला. शिंपल्याने टाच चिरली होती.

"घाईगर्दीत कळत नाही माणसाला," मी म्हणालो.

एरवी या बुटावर मर्लने दहा वर्षं काढली असती. सगळ्या गावाला सांगितलं असतं. आज त्याने स्वतःचा सदरा काढून माझ्या पायाला गुंडाळला आणि ट्रकचं दार उघडून धरलं. त्याने थट्टा केली नाही याचं मला पडण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

सोमवार, ३० सप्टेंबर
पाय: बांधलेला आहे, दिसत नाही.

आर्लीन दोनदा म्हणाली, "डोनाकडे जाऊ." मी दोनदा म्हणालो, "उद्या." घरात लंगडत फेऱ्या मारतोय. लंगडतोय तेसुद्धा दुखतं म्हणून नाही, तिने लंगड म्हणून सांगितलंय म्हणून.

मंगळवार, १ ऑक्टोबर

जिंकलो.

दुपारी मर्लचा ट्रक दारात आला आणि त्यातून मर्ल उतरला तो रबरी विजारीत! छातीपर्यंत, पट्टे खांद्यावर, सगळा सरंजाम. अंगणात उभा राहून म्हणाला, "हरलो. थंडी सहन होत नाही बुवा."

मी ओसरीवर एका पायाने नाचलो. "नऊ वर्षं, मर्ल! नऊ वर्षं!" आर्लीन दारात उभी होती.

"झालं ना मनासारखं?" मर्ल म्हणाला. "शर्यत संपली. आता उघड्या पिंढऱ्यांनी पाण्यात जायचं कारण नाही. तुझीही विजार बाहेर काढ."

आर्लीनने ती तळघरातून आणलीच. गुडघ्यावरच्या जुन्या भोकांना ठिगळं लागलेली होती.

"हे कधी केलंस?"

"झाले दहा-बारा दिवस."

मर्ल कपाळ पुसत होता. घाम हनुवटीवरून विजारीच्या आत ठिबकत होता. तो गेल्यावर मी ओसरीवरच बसलो. रस्त्यावरून लोक अर्ध्या बाह्यांत चालले होते. शेजारच्या मिसेस याँट्झ वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. गेल्या दोन दिवसांत ऑगस्टसारखा उकाडा परत आलाय, रेडिओवर सकाळपासून तेच चाललंय.

असल्या उन्हात मर्लला थंडी वाजली.

जिंकलो, हे मी वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. खोडत नाही. पण पुन्हा वाचवतही नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सकाळी मीच आर्लीनला म्हणालो, "माझ्या गळाच्या पेटीतून दोरा आण. आठ पौंड पेलणारा."

"कशाला?"

"आण तर."

मागच्या ओसरीवर खुर्चीत बसलो. डावा पाय तिच्या मांडीवर दिला, तो चिरलेला नाही म्हणून. दवाखान्यात डोना कसं करते ते सांगितलं. खांद्याचंही सांगितलं. नऊ बरोबर, एक मुद्दाम चुकवलेला, सगळं. ती रागावली नाही, तेव्हा मला जरा भीती वाटली. मग तिच्या गळ्यातला रुमाल मागून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधला, घट्ट, फट न ठेवता.

"दोरा टेकला की मी 'हो' म्हणीन. कुठेही टेकव."

बसून राहिलो. वरून बदकांचा थवा ओरडत दक्षिणेकडे गेला. मिसेस याँट्झचं जाळीचं दार आपटलं. नदीचा आवाज येत होता, वारा इकडचा असला की येतो. आर्लीनचा श्वास ऐकू येत होता. असं न हलता मी किती महिन्यांत बसलो नव्हतो.

"सुरू कर ना," मी म्हणालो.

तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"आर्लीन? सुरू कर."

"ड्वाइट," ती म्हणाली, "चौदावी वेळ आहे ही."

रुमाल वर केला. ती माझ्या पायावर वाकली होती आणि दोरा अंगठ्याखाली टेकलेला होता, टेकून पार वाकडा झालेला. तो दिसत होता मला. दुसऱ्या कुणाच्या पायाला लावल्यासारखा.

मला रडू आलं. मासा गेला, बाप गेला, गिरणी सुटली, तेव्हा आलं नव्हतं असं रडू. पायांसाठी रडलो. हे दोन पाय मला सगळ्या नदीत घेऊन फिरले, आणि केव्हा गप्प झाले ते मला त्यांनी सांगितलंही नाही. किंवा सांगितलं असेल. मी पाणी कोमट आहे म्हणत होतो.

आर्लीन उठून आत गेली आणि तो खडा घेऊन आली, खिडकीतला. माझ्या हातात दिला. हातात तो चांगला टोकदार लागतो.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हा पडला तेव्हापासून. मर्लला एकसष्टच्या दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

थर्मामीटर बिघडलाय म्हणालो असतो.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
साखर: १९०. पाय पाहिले का: हो. आरशात. उजव्या टाचेला तीन इंची चीर, कडेला लाल. अंगठ्यावर शेगडीचा फोड. डाव्या तळव्याला एक जुनी जखम, कधीची ते माहीत नाही.

डोनापुढे सगळं कबूल केलं. तिने जुना कागद काढला, नऊवर रेघ मारली आणि पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी डोळे खरे मिटले. दहापैकी एक. ती ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "आणखी महिनाभर आला नसतास तर आपण बूट नाही, पाय शोधत बसलो असतो." जखम भरेपर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे या मोसमात नाहीच. वसंतात, भरली तर, रबरी विजारीत, आणि कुणाच्या तरी दंडात दंड घालून.

"एकटा कधीच नाही," ती म्हणाली. "कळलं?"

कळलं. सावकाश कळतं, पण कळतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर
साखर: १४८. पाय पाहिले का: हो. चीर मिटत आलीय. आर्लीननेही पाहिली.

मर्ल मला न्यायला आला. ट्रकच्या सीटवर जांभळी टोपी होती. हरलेला म्हणून तो नोव्हेंबरासाठी घेऊन चालला होता. मी ती उचलली आणि डोक्यावर घातली.

"अरे, ती माझी आहे," मर्ल म्हणाला. "मी हरलो."

"ज्याला थंडी वाजलीच नाही त्याने सोसलं काय? मी यंदा एक दिवसही शर्यतीत नव्हतो, मर्ल. गाडी चालव."

त्याने गाडी चालवली. मग म्हणाला, "गोंडा तुला शोभतो पण."

पुलाखाली काठावर त्याने माझ्यासाठी घडीची खुर्ची मांडली. सिकमोरच्या झाडांची पानं पिवळी होऊन एकेक करत धारेतून चालली होती. त्याने स्वतःची रबरी विजार ट्रकमध्येच ठेवली आणि अर्ध्या चड्डीत पाण्याकडे निघाला.

"शर्यत संपली ना? मग आता हा शहाणपणा कशाला?"

"शर्यतीसाठी नाही," मर्ल म्हणाला. "तू वहीत पाणी लिहितोस ना? या वेळी नीट लिही."

आणि तो उतरला. पहिल्या पावलाला शिवी. दुसऱ्याला आणखी मोठी. मग काठावर ऐकू येईल अशा आवाजात सांगायला लागला. "गोटा, गोल. शेवाळ आहे. आता खडी, सैल. आई गं, बर्फ आहे हा! पायरी लागली, इथून खोल." मी डोळे मिटले. तो बोलत गेला आणि मला माझी नदी एकेक पाऊल कळत गेली. पुढे कुठला दगड येणार ते मी त्याच्या आधी सांगू लागलो, कधी माझं बरोबर यायचं, कधी त्याचं. मधल्या कातळापाशी त्याला माझा बूट सापडला. अजून फटीत अडकलेला होता. त्याने तो काढून डोक्यावर उंच धरून दाखवला, आणि आता कुठे हसला.

मी खुर्चीत बसलो होतो. दोन तास. एकदाही उठलो नाही.

पाणी: फार गार. (मर्लने सांगितलं.)